जिन्याखालचा प्लग

माझं दुकान म्हणजे अडीच फुटांचं टेबल,
प्रभादेवीत, झेरॉक्सवाल्याच्या ओट्यावर.
अर्धं भाडं मी देतो, अर्धं तो मागायला विसरतो.

कुसुम इंगवले पहिल्यांदा आल्या तेव्हा
निळ्या गणवेशावर शिट्टी लोंबत होती.
"रात्रभर लावते. सकाळी बघावं तर चाळीस."
मी पोर्टमध्ये टॉर्च मारला,
टाचणीने उकरून काढला
कापसाचा काळा गोळा आणि एक तीळ,
तीळ कुठून आला देव जाणे,
आणि म्हणालो, झालं.

झालं नव्हतं.

पंधरवड्याने केबल दिली, दीडशेची.
मग चार्जर. मग ब्राइटनेस उतरवला,
लोकेशन बंद केलं,
भाच्याने टाकलेले तीन गेम उडवले
आणि फुकटचं ज्ञान दिलं:
उशीखाली ठेवू नका, तापू देऊ नका,
विसाच्या खाली उतरू नका, ऐंशीच्या वर हाव नको.
बाई म्हणाल्या,
"ऐंशी डोळ्यांनी बघू तर द्या आधी."

शेवटी बॅटरी बदलली.
जुनी जराशी फुगली होती,
म्हणजे मी अगदीच खोटा नव्हतो.
नऊशे झाले, पन्नास सोडले.
पन्नास सोडल्याचं मला तीन दिवस बरं वाटत होतं.

चौथ्या दिवशी त्या परत. एकेचाळीस.
रागावल्या असत्या तर सोपं होतं.
ड्युटीवरून थेट आलेल्या, डोळे तांबारलेले,
फोन टेबलावर ठेवला, उपडा,
नासलेल्या दुधाची पिशवी परत आणून ठेवावी तसा.

माझ्या प्लगवर लावला. दीड तासात फुल.
बाई तोवर ओट्यावर बसून होत्या, भिंतीला डोकं टेकून.
"एकदाही भरला नाही का हो?"
"एकदा भरला होता."
"कधी?"
त्यांनी झेरॉक्सच्या मशीनकडे बघितलं.
"पोरगी सायनला ॲडमिट होती, डेंग्यू.
सुट्टी देईनात.
प्लेटलेटचा आकडा कधी कळवतायत म्हणून
रात्रभर जिन्यात येरझाऱ्या घातल्या,
फोन तिथंच लावलेला.
सकाळी शंभर.
मला वाटलं, देवानं बघितलं."

टेबल झेरॉक्सवाल्यावर टाकून
मी टेस्टर खिशात घातला.
टॉवरला मागचं दार आहे, आमच्यासाठी.
जिन्याखाली पंपाच्या पाइपाला टेकलेली खुर्ची,
खुर्चीवर चौघडी पोतं,
बाजूला भिंतीत तो प्लग.
कुणा वायरमनने कंटाळा करून
लाइन ओढली होती जिन्याच्या दिव्यावरून,
आणि दिव्याला सेन्सर.
कुणी हललं की लागतो.
पाच मिनिटं कुणी हललं नाही की विझतो.

आम्ही दोघं उभे राहिलो, न हलता,
फोटो काढताना पूर्वी उभे राहायचे तसे.
टेस्टरमधला लाल ठिपका गेला.
मी हात हलवला. आला.

बाईंनी दोनदा स्वतः करून पाहिलं.
मग हसल्या, शिट्टी तोंडाशी धरून:
"म्हणजे मी डोळा लावला की
हा मेला पण डोळा लावायचा."

एकेचाळीस, अडतीस, पंचेचाळीस.
चार महिने वहीत मी ज्याला आजार म्हणून लिहीत होतो
तो बाईंच्या झोपेचा हिशेब होता,
तोही पोत्यावर बसून घेतलेल्या झोपेचा.

केबलचे दीडशे पुढे केले. घेतले नाहीत.
"एक करा. सुपरवायझरला यातलं बोलू नका.
उद्यापासून सकाळी फोन मागून घेईल
आणि टक्के बघून पगार कापेल."
मी म्हणालो, माझ्याकडे एक जुनी पॉवर बँक आहे,
कोपरा चेपलाय, चालते.
त्या म्हणाल्या, किती घ्याल?
मी म्हणालो, बघू.

बोलता बोलता दिवा गेला.
नुसत्या बोलण्याने त्याला कळत नाही.
बाईंनी बसल्या जागेवरून
पाय हलवला.