काटा

गुन्वोर दुकानातून पाकीट आणते.
कॉड, चारशे ग्रॅम, बिनकाट्याचा.
मागे मुंगीएवढ्या अक्षरांत:
पकडला बारेंट्स समुद्रात. कापला चीनमध्ये.
ओट्यापुढच्या खिडकीतून तिला
बारेंट्स समुद्र दिसतो.

म्हणजे हा मासा इथूनच निघाला,
बर्फाची वीट होऊन अर्धी पृथ्वी हिंडला
आणि माहेरी आला,
हाडं सासरी ठेवून.

वेडेपणा, म्हणाली ती तेव्हा.
बहिणीचा तोर्मूद बंदरात हिशेब लिहितो.
त्यानं पाकीट फाडून उलटं केलं
आणि पेन्सिलीनं मांडून दाखवलं:
तुझा एक तास, तिकडचे दोन दिवस.
यंत्र काटा काढताना मांसाची पट्टीच नेतं,
तिकडची बाई चिमट्यानं एकेक उपसते,
शंभर किलोंमागे पाच-सहा किलो वाचतात.
आणि जहाजं, मावशी, तिकडून येतात
खुर्च्या, दिवे, खेळणी कोंबून;
परत जाताना खोकी रिकामी.
रिकाम्या खोक्यात मासा
जवळजवळ फुकट बसतो.
यात वाईट असं कुणी नाही.

तिनं चष्मा लावून बेरीज तपासली.
बरोबर होती.
फक्त हातचा एक
त्यानं कुठेच लिहिला नव्हता.

सव्वीस वर्षं तिच्या वाट्याला तीन काटे होते:
माशातला, वजनाचा आणि भिंतीवरचा.
कारखाना मिटला तेव्हा वजनकाटा लिलावात गेला.
घड्याळ तिनं मागून घेतलं.
मुकादमानं ते सहा मिनिटं पुढे लावलेलं,
तिनं अजून मागे केलेलं नाही.

मासा वितळला की ती अंगठा फिरवते,
शेपटीकडून मानेकडे, उलट्या दिशेनं.
पहिल्या वर्षी चूक शोधायला फिरवायची.
एकही सापडली नाही.
काय हात आहे बाईचा, म्हणाली, नाइलाजानं.
मग एका पाकिटात मानेजवळचा काप
डावीकडे कललेला दिसला.
अगं, तू डावखुरी.

तिकडे हजार बाया असतील हे तिला कळतं.
तरी शुक्रवारी ती दोन पाकिटं घेऊ लागली,
एक जेवायला,
एक काप बघायला.
डावा कल निघाला की त्या दिवशी
बटाटे जरा जास्त सोलायची.

गेल्या हिवाळ्यात डावा कल यायचा थांबला.
आजारी असेल, वाटलं. बाळंतीण असेल.
मार्चमध्ये मागची मुंगी-अक्षरं वाचली:
कापला व्हिएतनाममध्ये.

तोर्मूद म्हणाला, तिकडे पगार वाढले, मावशी.
चांगलं झालं की.
हो, चांगलंच.
म्हणून काम गेलं?
म्हणून.
त्यानं खिशातली पेन्सिल चाचपली,
पण काढली नाही.
किती वाजले, विचारून उठला,
आणि घड्याळ पुढे आहे हे विसरून
धावतपळत गेला.

गुन्वोरनं लोणी तापवलं.
कुठेतरी, समुद्राकाठच्या एखाद्या शहरात,
एक डावखुरी बाई आज
दुकानातल्या फळीसमोर उभी असेल,
पाकीट उलटं करून,
बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेत.
तिच्याकडे भिंतीवर काय आलं असेल,
घड्याळ की नुसता खिळा?

तिसऱ्या घासाला जिभेवर टोचलं.
केसाएवढा, बरगडीजवळचा,
शिकाऊ हातातून नेहमी सुटतो तो.
तिच्याही हातून सुटायचा, पहिल्या हिवाळ्यात,
आणि मुकादम तोच तिच्या पंजावर ठेवून
काही न बोलता पुढे जायचा.

नवी पोर दिसते, म्हणाली ती
समोरच्या रिकाम्या खुर्चीला.
शिकेल.
शिकली की महाग होईल.

काटा तिनं ताटलीच्या कडेला ठेवला,
टोक खिडकीकडे करून,
आणि उरलेला मासा
गार व्हायच्या आत संपवला.