चाळीस सेकंद

केर्डलाच्या पंपघरात, समुद्रापासून दोन शेतं आत,
एक जुना संगणक आहे.
टाकीतल्या पाण्याची पातळी
दर दहा मिनिटांनी तो टालिनला कळवतो.
कळवायचा.
नोव्हेंबरपासून मात्र रोज सकाळी
सुरू झाला की चाळीस सेकंद बोलतो
आणि मग तोंडात मीठ धरल्यासारखा गप्प.

मी केबल बदलली. तीनदा.
उंदरांवर संशय घेतला, फेरीबोटीच्या रडारवर घेतला,
बर्फावर तर घेतलाच,
या बेटावर प्रत्येक आळ शेवटी बर्फावरच जातो.
टालिनहून लीसी नावाची पोर फोनवर म्हणाली,
बंद करून पुन्हा चालू करा ना, आइता.
अगं, चालू केल्यावरच तर बिघडतंय.

शेवटी खुर्ची ओढून लॉग वाचायला बसले.
शाळेत शिकलेलं सगळं पांढऱ्यावर काळं,
हे काळ्यावर पांढरं.
सहा बारा, तिसरा सेकंद: नेटवर्कमॅनेजर उठला,
कार्डाला पत्ता दिला, शेवटी चौदा.
त्रेचाळिसावा सेकंद: नेटवर्कडी उठला,
चौदा पुसले, एकतीस लिहिले.
पहिल्याने ते खोडलं. दुसऱ्याने पुन्हा.
एकाच कार्डाचे दोन कारभारी,
दोघंही कामसू, दोघंही आज्ञाधारक,
आणि एकालाही दुसऱ्याची खबर नाही.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
हा तर दोन्ही घरच्या दारांत जेवायचं ताट धरून उभा होता.

आणखी एक होता तिसरा.
त्याला काम एकच: नेट आलं का, याची वाट बघणं.
तो दोन मिनिटं बघायचा,
मग लाल अक्षरांत हरल्याचं लिहून बाजूला व्हायचा.
मला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

नेटवर्कमॅनेजर माझा. तार्तूच्या प्रशिक्षणात शिकून आले तेव्हाचा.
दुसरा हेल्दुरचा.
हेल्दुर निवृत्त झाला, त्याचा पासवर्ड झाला नाही.
ऑक्टोबरात नवा अँटेना बसवायला आला
आणि जाता जाता
मला मदत करून गेला.

मी त्याचा कारभारी सेवेतून काढला. एक ओळ, एक एंटर.
कॉफी गरम केली, खिडकीवरचं दव पुसलं,
संगणक बंद केला, चालू केला.

झटकन उठला! इतका झटकन कधीच नाही.
कोणी अडलं नाही, कोणी भांडलं नाही,
लाल अक्षर नाही,
वाट बघणाराही नाही.
आणि पत्ताही नाही. ना चौदा, ना एकतीस.
घर लख्ख झाडलेलं, आत माणूस नाही.

फोन लावला कायनाला.
हेल्दुर उत्साहात: अगं, सापडलं मला!
सकाळी त्या चाळीस सेकंदांत घुसलो,
तुझा तो नेटवर्कमॅनेजर बंद करून टाकला.
आता माझा एकटा सुखाने चालेल.

मी काही बोलले नाही.
त्याला माझ्या श्वासावरून कळलं असावं.
तू... माझा?
हो.
कधी?
कॉफीच्या आधी.
मग तो इतका हसला की त्याचा कुत्रा भुंकायला लागला.

कोणाचा चालू करायचा, यावर वीस मिनिटं गेली.
पाणी बापडं टाकीत चढतच होतं.
अखेर त्याचा ठेवला. अँटेना त्याच्या हातचा म्हणून,
आणि मला जेवायला जायचं होतं म्हणून.

सहा नाही, आता दुपारचे सव्वाबारा.
वाट बघणारा उभा राहिला,
चौथ्या सेकंदाला हिरवा झाला.
त्याच्या आयुष्यातला पहिला हिरवा.
तीन मीटर चाळीस, टालिनला पोचलं.

मॉनिटरला कागद चिकटवलाय:
हात लावण्याआधी फोन करा.
खाली दोन नंबर.
त्यातला एक माझाच आहे.