भुर्र

इल्झे मराठी शिकली पाळणाघरात,
विडी वळणाऱ्या बायांच्या अडीच-तीन वर्षांच्या पोरांकडून.
म्हणून ही चौतीस वर्षांची उंच बाई
जेवणाला मंमं म्हणते,
नाक्यावरच्या पोलिसाच्या कुत्र्यालाही भूभू.
शनिवारी हजेरीची वही मिटली
आणि म्हणाली, उद्या सुट्टी. आपण भुर्र?

गाव विचारलं की लाटविया सांगते.
महानंदाच्या सासूला ते लातूरच ऐकू आलं.
पाण्याचे लई हाल गं तुमच्याकडं, म्हणत
तिनं पहिल्याच दिवशी
हिला तांब्यावर तांब्या पाजला.

रझियाच्या भावाचा छोटा हत्ती
सहा दिवस टॉवेलचे गठ्ठे ओढतो.
रविवारी मागं रिकामं.
पोतं अंथरून आम्ही चौघी बसलो
आणि विजापूर रोडला लागल्यावर
ओढणी, पदर, तिचे पिवळे केस,
सगळं एकाच दिशेला.
माझं नाव वरलक्ष्मी. तिला येतं वारालक्ष्मी.
आज पहिल्यांदा वाटलं,
बरोबर तीच बोलते.

मंद्रूपच्या पुढं ज्वारी कणसात आलेली.
बांधावर गाडी थांबवून डबे उघडले.
मी कडक भाकरी दिली, वर शेंगाचटणी.
ती ते दोन्ही हातांत धरून बसली.
बसलीच.
मग हळूच विचारलं, मंमं कुठं?
ताट समजली होती!
महानंदा हसत हसत बांधावरून घसरली,
मग तिला ताट मोडून दाखवलं,
काटकन.

कुडलला भीमा आणि सीना भेटतात.
पाणी पाहून तिनं चपला काढल्या, गुडघ्यापर्यंत आत गेली,
परत आली आणि काहीच बोलली नाही बराच वेळ.
त्याचा शब्द पोरांनी शिकवला नसणार.

देवळात वर तुळईवर एक ओळ आहे.
म्हणतात, हजार वर्षांची.
पुजारी म्हणाला, जो ही वाचेल तो जिंकेल, असा अर्थ.
एवढं ऐकून इल्झेनं मान वर केली,
बोट हवेत धरलं, पाटीवरच्या अआइईसारखं,
वा... वा...
आणि अडली.
रझिया पुढं झाली. ती उर्दू शाळेतली.
महानंदा कन्नड शाळेतली.
मी सातवीपर्यंत तेलुगूत.
चौघींच्या माना वर, चौघी अडलेल्या,
आणि मला एकदम कळलं
की यातल्या एकीच्याही घरी
आई या भाषेत रागावत नाही.
तरी सकाळपासून भांडलो, हसलो, हिशेब केला
तो हिच्यातच.

जीते तो क्या मिलता की? रझियानं विचारलं.
पुजाऱ्याला ते माहीत नव्हतं.
त्यानं खोबऱ्याचे तुकडे दिले. चार.

येताना ऊन उतरलं होतं.
भाव गाडीत जुनी गाणी लावून स्वतःच गात होता.
महानंदा सुट्टे पैसे मोजत होती, परत परत,
डिझेलचे वीस कमी पडत होते तिच्या मते.
माझा अंगठा आणि बोट आपोआप चाललं होतं,
पान नाही, तंबाखू नाही, दोरा नाही,
तरी वळत होतं.
रोजचं हजार आहे ना,
हातांना रविवार कळत नाही.

इल्झेनं ते पाहिलं.
माझा हात उचलून आपल्या मांडीवर ठेवला,
वर आपला तळवा, जड, गार, नदीचा वास अजून असलेला.
पाळणाघरात दुपारी एक वाजता
जसं म्हणते अगदी तसंच म्हणाली,
बोटं, गाई करा.

टाकळीपर्यंत थांबली होती.
पुढं खड्डे होते.