नळीखालची ओळ

राइली म्हणाली, आधी कॉफी नको, आधी स्क्रू.
मासा साफ करायला घ्यावा तशी
तिनं माझी रायफल बाकावर उताणी केली.
पुढचा स्क्रू नुसत्या बोटांनीच सुटला.
"हा असा?" एवढंच बोलली.
अकरा वर्षं मी दोष देत आलो वाऱ्याला,
काडतुसातल्या दारूला, चष्म्याच्या नंबराला.

कुहमोत एप्रिलातही तळं गोठलेलं.
तिच्या खिडकीत दह्याच्या डब्यांत टोमॅटोची रोपं,
शेजारी लष्करी नळ्या, त्याही उन्हाकडे झुकलेल्या.
स्पर्धा जूनमध्ये. नियम साधा:
त्या काळचं लाकूड, त्या काळची माशी,
नवं काही दिसता कामा नये.
न दिसणारं चालतं, राइली म्हणते.
माझा सगळा धंदा न दिसणाऱ्याचाच.

दिव्याची काजळी तिनं बोटानं
नळीच्या पोटाला फासली,
नळी लाकडात बसवली, दाबली, अलगद उचलली.
लोखंड टेकतं तिथं लाकूड काळं होतं.
टेकू नये तिथं टेकत होतं,
मधोमध, जवाच्या दाण्याहून थोडा मोठा डाग.
"पहिल्या तीन ठीक. चौथीपासून वर चढतात ना?"
चढतात.
डॉक्टरनं जीभ बघून कालचं जेवण सांगावं,
तसं.

तिनं खरवडणी उचलली आणि थांबली.
भिंग लावलं. दिवा जवळ ओढला.
डागाच्या कडेला, काजळीखाली, पेन्सिलीची ओळ:
आता घासू नका. पुरे झालं.
त., मार्च ४२.

त. म्हणजे कोण?
कुठल्या शेडमध्ये, किती रायफलींच्या रांगेत,
बोटं गारठलेली असताना
पुढच्या माणसासाठी हे लिहायला त्याला,
किंवा तिला, सवड कशी झाली?
पुढचा माणूस यायला ऐंशीच्या वर वर्षं लागली.

राइलीला राग आला. खरंच आला.
"लाकूड फुगतं, बाबा," ती त्या डागाला म्हणाली,
"तू मापलंस तेव्हा ते कोरडं होतं."
मग कॉफी. मग दुसरी.
मी शाळेच्या बसच्या नव्या गिअरबॉक्सबद्दल बोलत राहिलो,
ती ऐकत नव्हती.
खरवडणी तशीच पडून.

शेवटी तिनं नळीच्या तोंडात
कापसाची काडी गोल फिरवली.
एका बाजूला धागे अडकले.
"पुढून साफ करता तुम्ही. पोलादी गजानं."
आजोबा करायचे. बाबा करायचे.
माझ्या हाताला दुसरी रीत माहीतच नाही.
तीन पिढ्यांच्या काळजीनं झिजलं होतं ते तोंड.

गोल डोक्याचा पितळी स्क्रू, त्यावर घासायची लुकण,
हातड्रिल, सावकाश, दिशा बदलत बदलत.
लोखंडावर एक बारीक चकचकीत कडं उमटलं,
सगळीकडून सारखं.
मग मागच्या स्क्रूपाशी पितळेचा पत्रा,
सिगारेटच्या कागदाइतका.
नळी केसभर उचलली गेली.
डाग सुटला. ओळ तशीच राहिली.

जोडायच्या आधी तिनं कानामागची पेन्सिल काढली,
माझ्याकडे पाठ केली,
लाकडात काहीतरी लिहिलं.
काय लिहिलंस?
"ते तुला नाही."
आणि स्क्रू आवळले, आधी पुढचा, मग मागचा,
मग परत पुढचा, पाव फेरा.

जूनमध्ये दीडशे मीटरवर, पोटावर पडून,
कॉलरमध्ये डास घेऊन मी दहा गोळ्या झाडल्या.
बशीएवढा पसारा काडेपेटीवर आला,
एक सोडून. ती एक माझी,
रायफलीचा तिच्याशी संबंध नाही.
बावीस जणांत सातवा.
राइलीनं लक्ष्याचा कागद उजेडात धरला,
भोकांतून पलीकडचं बर्च बघितलं,
आणि "हं" म्हणाली.

दोन स्क्रू सोडले तर वाचता येईल.
रात्री कधी कधी स्क्रूड्रायव्हर हातात घेतो.
पण नेम बसलाय आता.