अंगभूत दोष

फॉर्म तीन पानी.
पहिल्या पानावर गाडीचं चित्र,
वरून, खालून, दोन्ही कुशींवरून,
खारवायला चिरलेल्या सुरमईसारखं उलगडून ठेवलेलं.
जिथे मार लागलाय तिथे मी फुली मारायची.

राजापूर. डॉक्टर शेट्यांचं अंगण.
गुरांचे डॉक्टर, वय चौऱ्याऐंशी.
फियाट एकाहत्तर सालची, मुळात निळी.
घेणारा लिव्होर्नोचा कुणी,
त्याने तिला फोटोतच पाहिली
आणि पैसे पाठवून मोकळा झाला.

डावा दरवाजा: खोक.
"ओणीची म्हैस. रेडकू आडवं आलं होतं.
शिंग मला बसायचं ते हिला बसलं."
मी लिहिते: आठ सेंटिमीटर, जुनी.
इटलीवाल्याने कळवलंय, खोक भरू नका,
आणि म्हशीचा फोटो असेल तर द्या.
म्हैस कधीच गेली.
डॉक्टरांनी दुसरीचा पाठवला.

मागची सीट: नाही.
"शेळ्यांना अडचण व्हायची."
छप्पर, आतून: आयोडीनचे डाग.
उजवा दिवा: तडा.
याचं कारण ते सांगत नाहीत,
दारात उभ्या शालिनीबाई पदर तोंडाशी नेतात.
मी लिहिते: तडा, जुना.

दारांच्या आत, कमरेएवढ्या उंचीवर, तपकिरी रेघ.
अर्जुना नदी. तीनदा बुडली.
तीनदा लवू मेस्त्रीने कार्बोरेटर उघडून गाळ काढला,
एकदा गाळात कोळंबी निघाली, जिवंत,
असं लवू म्हणतो.
कोळंबीला फॉर्ममध्ये रकाना नाही.

सहीच्या आधी वाचून दाखवावं लागतं.
न्हावाशेव्यापासून लिव्होर्नोपर्यंत
बुडणं, जळणं, आदळणं,
लाटेने डेकवरून ओढून नेणं, कंपनीच्या माथी.
गंज नाही. झीज नाही.
अंगभूत दोष नाही.

डॉक्टर चष्मा काढून पुसतात.
"नाट्याच्या किनाऱ्यावर पन्नास वर्षं वाऱ्याने खाल्लं,
ते माझं.
सतरा तारखेपासून समुद्र खाईल ते तुमचं."
हो.
"समुद्राला तारीख कळवलीत?"

विम्याची रक्कम: विक्रीची किंमत, वर दहा टक्के.
"हे दहा कसले?"
पद्धत आहे, मी म्हणते.
अकरा वर्षं हेच म्हणत आले आहे.

पेट्रोल तळाशी. बॅटरीच्या तारा ट्रेलरवर चढल्यावर सोडायच्या.
गाडीत खासगी सामान नको.
लवू डिकी उपसतो:
सुंभाची दोरी, काचेची सिरिंज,
एका पायाचा रबरी बूट,
आणि एक वही, तिचे कोपरे वाळवीने गोल केलेले.
सौंदळ, पंचवीस रुपये, येणं.
नाटे, काजू देतो म्हणाला.
ओणी, म्हैस, माफ.
डॉक्टर वही उघडून बराच वेळ
त्या ‘माफ’वर बोट ठेवून बसतात.
मग नंबरप्लेटचे स्क्रू स्वतः काढतात.

ट्रेलर आळीत शिरत नाही, हमरस्त्यावर थांबलाय.
तिथवर ती आपल्या पायांनी जाणार.
लवूच्या हाती चाक, शेजारी डॉक्टर,
मागून मी स्कूटरवर, फाइल पोटाशी धरून.
वळणावर गाय बसलेली.
लवू हॉर्न देतो. हॉर्न वाजत नाही.
(मी तपासलाच नव्हता.)
डॉक्टर उतरतात.
तिला उठवायला, असं मला वाटतं,
पण ते तिचा कान वाकवतात, आत पाहतात,
जबडा उघडतात, पोटाला कान लावतात,
आणि कुणाची आहे म्हणून घरोघर विचारत निघतात.

ट्रेलरवाला मला लांबून मनगट दाखवतो.

तिसरं पान, शेवटची ओळ:
उशीर, चाळीस मिनिटं. कारण.
तिथे मी आधी ‘गाय’ लिहिलं,
मग खोडून ‘वाहतूक’.