दोन इंच बाय दोन इंच

कन्ना चौकात माझं दुकान:
झेरॉक्स, लॅमिनेशन, विडी कामगारांची कार्डं,
आणि गेली चार वर्षं, दर ऑक्टोबरात,
सुगुणा चिलवेरींचा फोटो.

पहिल्यांदा आल्या तेव्हा काउंटरवर
पत्ते टाकावेत तसे टाकले त्यांनी
एक केनियाचा पासपोर्ट, एक इंग्लंडचा,
वर भारताचं ते ओसीआयचं पुस्तक.
मी म्हटलं, मॅडम, दोन देश, दोन फॉर्म भरू,
लॉटरीच आहे, दोन तिकिटं बरी.
"माणूस एक, फॉर्म एक," त्या म्हणाल्या.
"दुसरा भरला की दोन्ही बाद."

वडील रंगमास्तर.
इथली गिरणी बसली तेव्हा
थिका नावाच्या गावी गेले, तिथल्या गिरणीत
हात कोपरापर्यंत निळे करायला.
तिथं सुगुणाबाई जन्मल्या.
नर्सिंगला लेस्टर, तिथं दुसरा पासपोर्ट,
आता अशोक चौकात आत्याच्या उशाशी,
आत्या फक्त तेलुगूत कण्हते.

जन्माचा देश, फॉर्मनं विचारलं.
पासपोर्ट कितीही असू देत,
चिठ्ठी जन्मगावाच्याच डब्यात पडते.
मी उगाच बोललो,
माझा जन्म इथला, सिव्हिल हॉस्पिटलचा,
आपला देश त्या यादीत बसत नाही,
आपली गर्दी फार, म्हणे.
बाहेर पाण्याचा टँकर आला होता,
घागरींची ती रांग बघून
त्यांना माझ्याआधी हसू आलं.

वैवाहिक स्थिती.
मी न विचारताच अविवाहितवर बोट नेलं.
"खालचं," त्या म्हणाल्या. "घटस्फोटित."
आणि जरा वेळानं,
"नवरा असता तर त्याच्या जन्मगावावरही चालतं."
उलटंही चालतं का? मी विचारलं,
नियम म्हणून.
"चालतं," त्या म्हणाल्या,
नियम म्हणून.
तेवढ्यात लाईट गेली.
मागल्या गल्लीतले माग एकदम थांबले
आणि आम्हा दोघांना कळलं
इतका वेळ आपण किती मोठ्यानं बोलत होतो.

फोटोला मागे पांढरंच लागतं.
मी चादर लावली, कोरी, रंगात न बुडवलेली.
त्यांनी ती चिमटीत धरून पाहिली,
मास्तरची पोर.
म्हणाल्या, "सोलापुरी चादर बरी, ओ.
लाल मोर इकडं, तोच काळा तिकडं,
उलटी बाजू नाहीच तिला.
पण घडी घातली की
कुठली तरी एकच वर येते."
चष्मा काढा, मी म्हटलं. हसू नका.

अमेरिकेत कोण आहे तुमचं?
"कुणी नाही.
बाकी तिन्हीकडे आहेत,
कधी परत जाणार, असं विचारणारे."

कन्फर्मेशन नंबर मी शेंगाचटणीच्या पुडीवर लिहिला,
तो अजून गल्ल्यात आहे, तेलकट.
मे महिन्यात, त्रेचाळीस डिग्रीत,
शटर अर्धं ओढून मीच बघतो.
निवड झालेली नाही.
फोन करून सांगतो, त्या म्हणतात बरं,
आणि आत्याला औषध द्यायची वेळ झालेली असते.

गेल्या वर्षीचा फोटो चालत नाही.
सहा महिन्यांच्या आतला लागतो,
नियमच आहे, आणि हा नियम मला पटतो.
कॉम्प्युटरवर त्यांचं फोल्डर आहे:
चार चौकोन, मागे तीच कोरी चादर,
पहिल्यात भांग काळा,
दुसऱ्यात कडेला एक रुपेरी धागा,
तिसऱ्यात आत्या गेली होती, डोळे सुजलेले,
मी पुसून देतो म्हटलं तर नको म्हणाल्या.
चौथ्यात, नियम मोडून,
ओठांचा एक कोपरा वर गेलाय.
हा बाद करतील, मी म्हटलं.
"राहू दे," त्या म्हणाल्या,
"हाच पाठवा."