प्रश्न एकतीस

हॉलतिकिटावर आडनावाला जागा पुरली नाही.
वासुदेव चिंचमलातपुरे यांचे
वासुदेव चिंचमलात एवढेच उरले.
काका म्हणाले, "असू दे वं पोरी,
ह्या धंद्यात 'पुरे' कोणाले झालं कधी?"

दर्यापूरच्या स्टँडमागं माझं दुकान.
झेरॉक्स, पॅनकार्ड, पीकविमा,
आणि आता एजंटाची परीक्षा.
एकसष्टाव्या वर्षी त्यांच्या मुठीत माउस
पकडलेल्या बेडकासारखा, घट्ट धरला तर मरेल,
सैल सोडला तर टेबलाखाली.

चाळीस वर्षं लायसन म्हणजे एक पिशवी :
ले-आउटचा मळका नकाशा, मोजणीचा टेप, चुन्याची डबी.
बाकी सगळी जीभ.
धुरा कोणत्या साली सरकला,
कोणत्या बहिणीनं हक्कसोड दिलं नाही,
हे सातबाऱ्याआधी त्यांना ठाऊक.
दोन्हीकडून दोन-दोन टक्के.
पावती म्हणजे चहा.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी सराव घ्यायची.
चटई क्षेत्र म्हणजे काय, काका?
"चटई टाकली की जेवढे पाव्हणे झोपतात तेवढं."
असं हसत हसत तीस प्रश्न झाले.

एकतीस :
मालमत्तेतील माहीत असलेला दोष
ग्राहकाला सांगणे एजंटवर बंधनकारक आहे काय?
अ. होय.
ब. नाही.
क. ग्राहकाने विचारल्यास.
ड. व्यवहार पूर्ण झाल्यावर.

काका 'क'वर बोट ठेवून बसले.
बाहेर अकोटची गाडी लागली,
भरली, निघूनही गेली.

मग स्क्रीनकडंच पाहत बोलले,
"सोनोने कंडक्टर. रिटायर झाला तवा
बारा नंबरचा प्लॉट त्याले मीच देल्ला.
इचारलं होतं त्यानं, पाणी कसं हाय म्हणून.
म्या तांब्या भरून देल्ला.
बोअरचा नाई.
नळाचा. घरून कॅनमंदी नेलेला."

आमच्याकडं पाण्याबद्दल कोणी कोणाला सांगत नाही.
खारपाण. डाळ शिजत नाही, साबण फेसाळत नाही,
हे इथं जन्मलेल्याला सांगायचं काय?
सोनोने उमरेडकडचा होता.

"म्हंजे 'क' धरला तरी मी नापासच."
मी म्हटलं, काका, उत्तर 'अ' आहे.
"ठाऊक हाय."

अमरावतीच्या सेंटरवर पास झाले. अडुसष्ट मार्क.
रंगीत प्रिंटचे वीस दिले,
लॅमिनेशन नको म्हणाले.
चहाच्या टपरीवर नंबर रंगवायला पेंटर ठरला होता,
त्यालाही म्हणाले, आठ दिवस थांब.

काल टँकरवाला सांगत होता :
बारा नंबरच्या फाटकाशी एक म्हातारा उभा,
सायकलच्या कॅरिअरला रिकामा कॅन, खिशात घडी केलेला कागद.
कडी वाजवेना, जाईनाही.
शेवटी आतून आवाज आला, कोण हाय?

आणि म्हाताऱ्यानं म्हणे
आपलं आडनाव सांगितलं.
अख्खं.